अठरा शतांश

६ मार्च, रविवार

चूक माझी आहे. ते आधी लिहितो.

काल माझ्या बायकोचा, स्मिल्याचा, मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस केला. दफनभूमीतून सगळे घरी जेवायला येणार होते. माडीवर तिच्या नाण्यांच्या खोलीत हिवाळाभर शेगडी पेटली नव्हती, वास मारत होता. बघितलं तर तिच्या सहाही ट्रेंमधल्या हिरव्या बनातीवर बुरशी. म्हणून गुरुवारी बसून साफ केलं. नाणी काढून मिरच्यांच्या चटणीच्या रिकाम्या बरणीत भरली. प्रत्येक नाण्याखाली तिनं लिहिलेली एक गोल चिठ्ठी असते; त्या सगळ्या बुटांच्या खोक्यात ठेवल्या. बनात धुतली, वाळवली. नाणी मोजली — दोनशे चौदा. चिठ्ठ्या मोजल्या — दोनशे चौदा. एकही हरवली नाही म्हणून समाधान वाटलं होतं मला!

जेवणानंतर ओब्राद वर गेला. ओब्राद माझा कूम, आमच्या लग्नाचा साक्षीदार, आणि तीस वर्षं स्मिल्याबरोबर नाणेमंडळात बसलेला. निवृत्त दंतवैद्य. खाली आला तो जिन्याचा कठडा धरून.

"वेल्या, चिठ्ठ्या कुठायत?"

"खोक्यात. सगळ्या आहेत."

"कुठली कुठल्या नाण्याची?"

मी खोकं उघडून दाखवलं. त्यानं आत बघितलं. टोपी घेतली आणि गेला. कॉफी अर्धी टाकून.

७ मार्च

ओब्राद सकाळी आठलाच हजर. परवा रागावला होता, आज शिकवायला आला.

"नाण्यावर काय असतं? सम्राटाचं डोकं. मागं देवी, नाहीतर शिपाई, नाहीतर आपल्या इथला बैल आणि सिंह. ते कुणीही वाचेल. पण ते कुणाच्या शेतात निघालं, किती खोल, कुठल्या साली — हे फक्त तिच्या चिठ्ठीवर. चाळीस वर्षं ती गावोगाव हिंडून विचारत होती. ते तू खोक्यात ओतलंस."

"पण काही सांडलं तर नाही," मी म्हणालो.

"सांडलं असतं तर परवडलं असतं. वरचं वर, खालचं खाली राहिलं असतं. तू अगदी नीट मिसळलंस."

स्मिल्यानं लिहून ठेवलं आहे: संग्रह इथल्या संग्रहालयाला, चिठ्ठ्यांसकट. तिला नाणी बेलग्रेडला जायला नको होती. ज्या मातीतून निघाली तिच्या जवळ राहावीत, एवढंच.

८ मार्च

महिला दिन. दरवर्षी तिला कार्नेशनचं फूल आणायचो. आज दफनभूमीत नेऊन ठेवलं. वारा होता. माझ्या मधमाश्यांच्या पोळ्यातल्या मेणाची मेणबत्ती तीनदा विझली.

९ मार्च

संग्रहालयात गेलो. तिथली स्लावेन्का स्मिल्याची जुनी विद्यार्थिनी. ("बाईंनी मला रसायनशास्त्रात दोनदा नापास केलं, काका. म्हणून मी इतिहासाकडे वळले.") खरं काय ते सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

संग्रह घ्यायचा की नाही ते समिती ठरवते. १४ जूनला बसणार. कुठल्या नाण्याची कुठली चिठ्ठी हे ठरत नसेल तर नोंद होणार 'सापडल्याचं ठिकाण अज्ञात'. तशी नाणी तळघरात पोत्यानं पडली आहेत, कुणी बघत नाही.

"निम्म्या जुळल्या तर?" मी विचारलं.

"काका, निम्म्या जुळल्या तर उरलेल्या निम्म्यांमुळे त्या निम्म्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

हे मला कळतं. मी छत्तीस वर्षं खाणीत सर्व्हेअर होतो. एक खूण सरकली की सगळा नकाशा संशयाचा.

१३ मार्च, रविवार

चिठ्ठ्या वाचायला बसलो. एक अक्षर कळत नाही. 'गोर्द. ३ / बै. सिं. / व. ४ / १७.३२ / ७ / ब्राद. मी. आलु. ७४'.

मंडळाची सगळी भाषा अशीच, ओब्राद म्हणतो. त्यानं उलगडून दिलं: रोमन सम्राट गोर्डियन तिसरा, मागं बैल-सिंह, आपल्या इथल्या टांकसाळीचं वर्ष चौथं, ब्रादारात्स गावात मीलोयेच्या आलुबुखाराच्या बागेत, १९७४ साली.

"आणि हे १७.३२?"

"वजन. ग्रॅममध्ये."

"आणि ७?"

"अक्ष. नाणं उलटलं की मागच्या चित्राचं डोकं घड्याळातल्या कितीकडे असतं, ते. त्या काळी साचा कारागीर हातानं धरायचा, त्यामुळे प्रत्येकाचा कोन वेगळा."

मग मी खुर्चीत सरळ बसलो. वजन शतांशापर्यंत आणि एक कोन. म्हणजे नाण्याच्या अंगावरच पत्ता आहे. वजन करायचं, कोन बघायचा, चिठ्ठी शोधायची. हे तर माझं काम.

"चाळीस वर्षं नाणेवालीच्या घरात राहिलास," ओब्राद म्हणाला, "आणि आज विचारतोस."

बरोबर आहे त्याचं.

१४ मार्च

तिचा तराजू माडीवर टेबलावर, नेहमीच्या जागी. पितळी, दोन पारड्यांचा, शाळेनं मोडीत काढलेला. तीस वर्षं तो तिथून हलला नाही. मलाही हात लावायची बंदी होती. आज पहिल्यांदा लावला. काटा बरोबर शून्यावर.

शाळेत मुलांना ती सांगायची ते आठवलं: आधी शून्य, मग वजन.

१९ मार्च

चौदा जुळली.

नाणं कसं धरायचं हे आधी कळत नव्हतं, कोन उलटेच येत होते. ओब्रादनं हातातून काढून घेतलं. "भाकरी उलटतोयस का? कडेनं धर. एक बोट वर, एक खाली. आता फिरव." एका सम्राटाला मी बाई म्हणालो. तो हसून हसून खोकायला लागला.

२७ मार्च

बावन्न. चांदीची सगळी लागली. ती सोपी, एकमेकांसारखी नाहीत. दोन शिपाई आणि मध्ये निशाण असलेली छोटी तांब्याची नाणी अठ्ठावन्न आहेत. ती अवघड. सर्वांत अवघड बैल-सिंहवाली, एक्केचाळीस. एक बाई मधे उभी, तिच्या डावीकडे बैल, उजवीकडे सिंह. गेले तीन दिवस डोळे मिटले की तीच दिसते. स्मिल्यालाही दिसत असेल का? कधी विचारलं नाही.

२ एप्रिल

कोसारा आली. स्मिल्याची धाकटी बहीण. उपासाचे दिवस आहेत म्हणून भाजलेला घेवडा आणला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या बघून दारातच थांबली.

"भावजी, जेवता कुठं तुम्ही?"

"उभ्यानं."

"ताई असताना तिच्याकडे बघायलाही वेळ नव्हता तुम्हाला. माश्या, माश्या आणि माश्या. आता सुचलं?"

मी घेवडा घेतला. ती गेल्यावर वाटलं, काहीतरी बोलायला हवं होतं. मला बोलणं नेहमी माणूस गेल्यावर सुचतं.

१० एप्रिल

ओब्रादनं मंडळात ओढून नेलं. रविवारी सकाळी दहा, क्लबाच्या मागच्या खोलीत, नऊ माणसं आणि कॉफी. मी एक बैल-सिंह नेलं होतं, ज्याचं वर्ष वाचता येत नव्हतं; वर्ष उभ्या रेघांनी कोरलेलं असतं, जितक्या रेघा तितकं वर्ष. ते नऊ हातांतून फिरलं. एक म्हणाला चौथं, दुसरा म्हणाला पहिलं, मग दोघं १९८३ सालच्या कुठल्यातरी भांडणावर गेले. अर्ध्या तासानं मला विचारलं, "तुमचं काय मत?"

मी म्हणालो, रेघांमधली अंतरं मोजली तर चौथ्या रेघेला जागाच उरत नाही. तीन असाव्यात.

मग एकानं माझ्याकडे साखर सरकवली.

१७ एप्रिल

एकशे एकतीस.

२४ एप्रिल, ईस्टर

कोसारानं अंडी आणली. यंदा दुखवटा म्हणून लाल नाहीत, काळपट रंगवलेली. दोघांनी आपापलं अंडं घेऊन टकरावलं. माझं फुटलं. "तुमचं दरवर्षी फुटतं," ती म्हणाली. "ताई म्हणायची, मुद्दाम पातळ कवचाचं उचलता."

खरं होतं. स्मिल्याला जिंकायला आवडायचं. तिला हे माहीत होतं हे मला माहीत नव्हतं.

३० एप्रिल

एकशे एकोणनव्वद. माश्यांची पोळी बाभळीच्या फुलोऱ्याकडे न्यायची आहेत. या वर्षी शेजारी नेईल म्हणाला. गेली वीस वर्षं एप्रिल ते ऑक्टोबर मी घरात फक्त झोपायला असायचो. यंदा पहिल्यांदा घरातला मे बघणार.

८ मे

दोनशे तीन जुळली. अकरा राहिली. अकरा नाणी, अकरा चिठ्ठ्या. सगळी बैल-सिंह, सगळी ब्रादारात्सची. आणि एकही जुळत नाही!

ओब्रादला ती आठवतात. त्याच्या मामाच्या विहिरीतून निघाली होती, एका पुरचुंडीत, १९७९ साली. स्मिल्याकडे ती वर्षानुवर्षं तशीच पिशवीत पडून होती, कधीतरी वर्णन करीन म्हणायची. शेवटी केलं म्हणजे.

या चिठ्ठ्या दिसायलाही वेगळ्या. अक्षर मोठं, सगळं पूर्ण शब्दांत, मागच्या बाजूलाही काही काही लिहिलेलं. ओब्रादनं एक चष्म्यापुढे धरली.

"हे काय? 'अक्षरं डावीकडे खालून वाचायला सुरुवात करावी.' हे कुणाला सांगतेय ती, मला? शाळेच्या प्रदर्शनासाठी लिहिल्या असणार."

असेल. मला वजनांशी काम. चिठ्ठीवर १८.०९, तर उरलेल्यांत १८.०९ चं नाणंच नाही. १६.५५, नाही. १७.७०, नाही.

९ मे

पुन्हा वजन केलं. तेच.

१२ मे

सगळ्या दोनशे चौदांचं पुन्हा वजन केलं, तीन दिवस लागले. दोनशे तीन बरोबर. अकरा चूक.

तिच्या हातून वजनाची चूक होणं शक्य नाही. म्हणजे माझीच. कुठंतरी आधीच्या जुळणीत मी अकरा चुकीची नाणी चुकीच्या चिठ्ठ्यांना दिली असणार, आणि ही उरलेली त्यांची आहेत. तसं असेल तर सगळंच पुन्हा उलगडायला हवं. महिना उरला आहे.

१५ मे

मंडळात गेलो नाही.

१६ मे

ओब्राद म्हणाला, अकरा सोडून दे, दोनशे तीन देऊ. अकरा चिठ्ठ्या चुलीत टाक, कोण विचारतंय.

मी म्हणालो, तिनं लिहिलेलं चुलीत टाकणार नाही. बराच मोठ्यानं म्हणालो. तो दचकला. मीही.

२२ मे, रविवार

लिहितो, नाहीतर मलाच पटायचं नाही.

सकाळी दफनभूमीतून येताना वाटेत सुचलं. खाणीत मोजणी जुळत नसली की आम्ही एकेक रेघ तपासत बसत नसू. आधी बेरीज. चूक विखुरलेली आहे की एकाच बाजूची आहे, ते बेरजेतून कळतं. कुठलं नाणं कुठल्या चिठ्ठीचं हे माहीत नसलं तरी अकरांची बेरीज ती अकरांचीच.

घरी येऊन कोट न काढता केली. अकरा चिठ्ठ्यांवरच्या वजनांची बेरीज, अकरा नाण्यांच्या वजनांपेक्षा जास्त. किती? एक ग्रॅम अठ्ठ्याण्णव शतांश. भागिले अकरा — अठरा शतांश.

मग प्रत्येक चिठ्ठीतून अठरा शतांश वजा केले. १८.०९ चं झालं १७.९१. १७.९१ चं नाणं आहे! १६.५५ चं १६.३७. आहे. एकामागून एक अकराही बसली, कुठे एखाद्या शतांशाचा फरक. मग अक्ष बघितले. अकराही बरोबर.

म्हणजे जुळणी माझी चुकली नव्हती. दोनशे तीनही खरी. आणि चूक घाईची नाही, नेमकी आहे, प्रत्येक वेळी तितकीच.

ओब्रादला फोन केला. "कोट काढ आधी," तो म्हणाला. त्याला कसं कळलं कोण जाणे.

२४ मे

स्लावेन्काला आकडे दाखवले. तिनं दोनदा तपासले. खूश झाली, आणि मग झाली नाही.

"काका, समितीत बेलग्रेडचे एक प्राध्यापक आहेत. ते म्हणतील, अठरा वजा करून जुळवलं. उद्या कुणी वीस वजा करेल. अठराच का, ते सांगता आलं पाहिजे."

"सांगतो."

"माहीत आहे?"

"नाही. शोधतो."

२८ मे, शनिवार

तराजू घेऊन घरभर फिरलो. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

असा तराजू एकदा एका जागी शून्यावर लावला आणि मग पुन्हा शून्य न करता कलत्या जागेवर ठेवला, तर प्रत्येक वजनात तेवढाच फरक पाडतो. माझ्या सर्व्हेच्या लेव्हल यंत्राचंही तसंच. तेव्हा प्रश्न एकच होता: या घरात अशी कुठली जागा आहे जी अठरा दाखवते?

माडीवरचं टेबल, शून्य. स्वयंपाकघर, पाच जास्त. कोठीतली फळी, तीन कमी. माझा सुताराचा बाक, चाळीस, लाज वाटली. खिडकीची कड, तराजू उभाच राहीना. झोपण्याच्या खोलीतलं कपाट, सात.

राहिली खालची शिवणाची खोली. मी तिथं कधी जात नसे. ती तिची. मशीनच्या टेबलावर जेमतेम जागा होती. घराची ती बाजू दोन बोटं खचली आहे, मीच मोजली होती पूर्वी.

अठरा.

पाच नाण्यांचं वजन केलं. अठरा, अठरा, सतरा, अठरा, अठरा.

ती अकरा नाणी स्मिल्यानं माडीवर नाही, इथं बसून लिहिली. आणि तराजू इथं आणल्यावर शून्य केलं नाही. चाळीस वर्षं मुलांना 'आधी शून्य' सांगणारीनं.

२९ मे

कोसाराला विचारलं. सरळ विचारलं, आडवळण मला येत नाही.

"तराजू खाली कुणी आणला होता?"

ती भांडी घासत होती. घासतच राहिली.

"मी. गेल्या वर्षी ईस्टरला. ताईला जिना चढवत नव्हता. दोन पायऱ्या चढली की धाप."

"ईस्टरला?"

"म्हणाली, त्याला सांगू नकोस, त्याची पोळी निघायची आहेत, वर्षाचं काम आहे. माझ्याकडून वचन घेतलं. ऑक्टोबरात तुमची पोळी परत यायच्या आधी मीच पुन्हा वर नेऊन ठेवला." मग माझ्याकडे वळली, हातात ओली थाळी. "ओरडा मला, भावजी. घरात कुणी ओरडतच नाही. मी कधीची वाट बघतेय."

मी ओरडलो नाही. फडकं घेतलं आणि थाळ्या पुसल्या.

मला स्मिल्यानं ऑक्टोबरात सांगितलं, डॉक्टरकडे जाऊन आल्यावर. मी समजत होतो, तिलाही तेव्हाच कळलं.

३० मे

पोळ्यांकडे गेलो. काही लिहायचं नाही.

३ जून

सहा महिने ती दिवसभर त्या खोलीत होती आणि मी संध्याकाळी येऊन विचारायचो, जेवण काय आहे. रागावायचं तर कुणावर, हे चार दिवस ठरवतो आहे. आज ठरवणं सोडलं. ट्रेमध्ये नाणी परत ठेवायला घेतली, खाली तिची चिठ्ठी, वर नाणं. हाताला काम असलं की बरं.

चुकीचं वजन खोडायचं का? ओब्राद म्हणतो, अर्थात. मी नाही खोडलं. शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात खरं लिहिलं. तिचं तिचं, माझं माझं.

१४ जून, मंगळवार

समिती. तिघं. बेलग्रेडचे प्राध्यापक अपेक्षेप्रमाणे अठरावर अडले.

"हे तुम्ही जुळवून आणलेलं नाही कशावरून?"

मी तराजू पिशवीतून काढला. घरी मशीनच्या टेबलाचा उतार लेव्हलनं मोजून ठेवला होता. तेवढा उतार यायला तराजूच्या एका पायाखाली दोन पोस्टकार्डं लागतात. आधी त्यांच्या सपाट टेबलावर शून्य केलं, मग पोस्टकार्डं सरकवली आणि त्यांना म्हणालो, कुठलंही नाणं घ्या, तुम्हीच ठेवा पारड्यात. त्यांनी मुद्दाम चांदीचं घेतलं, सर्वांत हलकं. अठरा जास्त. मग सर्वांत जड. अठरा जास्त. मग खिशातलं आजचं नाणं टाकून पाहिलं, आधी पोस्टकार्डांशिवाय, मग पोस्टकार्डांसकट. त्यातही अठरा. तेव्हा हसले.

"तुम्ही सर्व्हेअर का?"

"होतो."

"दिसतंय. आणि बाईंनी शून्य का नाही केलं?"

"आजारी होती," मी म्हणालो. हे शब्द परक्या माणसापुढे पहिल्यांदाच.

संग्रह घेतला. दोनशे चौदाही, ठिकाणांसकट, तिच्या नावानं, वेगळ्या कपाटात. सोमवारी न्यायला येतील. स्लावेन्का बाहेर व्हरांड्यात आली आणि तिला रडू फुटलं, मग मलाच रुमाल शोधावा लागला.

ओब्राद पायऱ्यांवर वाट बघत होता. "तळघर की कपाट?"

"कपाट."

"मग मंडळात तिच्या जागी कोण येणार? नऊ जणांची कॉफी दहा जणांत वाटून प्यायची सवय आहे आम्हाला."

बघू म्हणालो. तो म्हणाला, तुझं 'बघू' म्हणजे 'हो', हे मला स्मिल्यानं पूर्वीच सांगितलंय.

१९ जून, रविवार

उद्या नाणी जातील. शेवटचं म्हणून त्या अकरा चिठ्ठ्या, मागं कोपऱ्यात तिनं टाकलेल्या तारखांच्या क्रमानं लावल्या. आजवर वजनाच्याच क्रमानं लावत होतो.

पहिली, गेल्या वर्षीच्या ईस्टरनंतरच्या आठवड्यातली: 'नाणं कडेनं धरावं. एक बोट वर, एक खाली. मग फिरवावं.' दुसरी: 'अक्षरं डावीकडे खालून वाचायला सुरुवात करावी.' तिसरी: 'वर्ष तळाशी, रेघेखाली.' पाचवी: 'झिजलं असेल तर अंतरं मोजावीत.' नववी: 'ओब्रादला विचारावं. तो आधी हसेल, मग सांगेल.'

शाळेसाठी नाहीत या. मंडळात हे सगळ्यांना येतं. नाणं कसं धरायचं हे माहीत नसलेला माणूस या घरात एकच होता.

अकरावी सप्टेंबरातली. 'याचं वर्ष मला दिसत नाही. कोवळ्या उन्हात तिरपं धरून बघावं.' आणि पुढे कोरी जागा.

अंगणात नेऊन धरलं. तीन रेघा. तिच्या अक्षराखाली, पेन्सिलीनं नाही, शाईनं लिहिलं: वर्ष तिसरं.